तोट्यातली शाखा : आधी तोटा कसा काढला ते पाहा

प्रश्न : मी एका बँकेत शाखा व्यवस्थापक आहे. या शाखेत दीड वर्ष झालं. शाखा जुनी आहे. ठेवी १२० कोटींच्या, कर्जं मात्र ३० कोटींचीच. सकाळपासून काउंटरवर रांग असते, आम्हा सात जणांना मान वर करायला फुरसत मिळत नाही. तरीही मागच्या आढावा बैठकीत तोट्यातल्या शाखांची यादी पडद्यावर लावली, त्यात आमचं नाव होतं. तोटा ३० लाख. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तीन महिन्यांत कर्जं वाढवा, विमा विका, नाहीतर शाखा शेजारच्या शाखेत विलीन करू.’ एवढ्या ठेवी, एवढी गर्दी, तरी तोटा होतोच कसा? माझं काय चुकतंय? की सरळ बदली मागून घेऊ? सोबत शाखेचं नफा-तोटा पत्रक जोडलं आहे.
– एक व्यवस्थापक

उत्तर :

पत्रक जोडलंत हे फार बरं केलंत, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. मी ते ओळ न् ओळ वाचलं. ३० लाखांचा जो आकडा तुमच्या झोपेवर बसला आहे, त्यातले दोन सर्वांत मोठे घटक तुमच्या शाखेत ठरतच नाहीत. ते मुख्य कार्यालयात ठरतात. बैठकीत हे कुणी सांगितलं नसेल, म्हणून इथे सविस्तर सांगते.

पहिला घटक ट्रान्सफर प्राइस. शाखा ठेव घेते आणि कर्ज देऊन उरलेली रक्कम मुख्य कार्यालयाकडे जाते. शाखेचा वेगळा नफा काढायचा म्हटलं की त्या रकमेला काहीतरी भाव लावावा लागतो. मुख्य कार्यालय ठेवीवर शाखेला एका दराने व्याज देतं आणि कर्जाच्या रकमेवर शाखेकडून व्याज घेतं, सगळं फक्त हिशेबापुरतं. तुमच्या बँकेत दोन्हीसाठी एकच दर आहे, ६ टक्के. त्या दराने तुमच्या १२० कोटींवर ७ कोटी २० लाख जमा दाखवलेत. ठेवीदारांना तुम्ही दिलं ते असं : चालू खात्यांच्या १० कोटींवर शून्य, बचत खात्यांच्या ५० कोटींवर ३ टक्क्यांनी दीड कोटी, मुदत ठेवींच्या ६० कोटींवर ७ टक्क्यांनी ४ कोटी २० लाख. एकूण ५ कोटी ७० लाख. म्हणजे ठेवींवर दीड कोटी सुटले.

आता तोच दीड कोटी जरा फोडून बघा. बचत खात्यांवर दीड कोटी मिळाले, चालू खात्यांवर ६० लाख मिळाले आणि मुदत ठेवींवर ६० लाख गेले. तुमच्या काउंटरवर येणारी प्रत्येक मुदत ठेव या पत्रकात तोट्याची आहे, कारण तुम्ही ती ७ टक्क्यांनी घेता आणि मुख्य कार्यालय तिचे ६ टक्केच मानतं. तीन वर्षांची ठेव आणि उद्या काढून नेता येईल अशी रक्कम यांना एकच दर लावण्यात काही अर्थ नाही. अनेक बँका मुदतीप्रमाणे वेगवेगळे दर लावतात. ठेव जितका काळ बँकेकडे राहणार, तितक्या मुदतीच्या बाजारभावाने तिची किंमत धरतात. बचत खात्यातला पैसा कागदावर केव्हाही काढता येतो, पण हजारो लहान खातेदारांची मिळून शिल्लक वर्षानुवर्षं फारशी हलत नाही. तिला लांब मुदतीचा दर मिळायला हवा, असं म्हणणारे बँकर बरेच आहेत आणि माझंही मत तेच आहे.

हा दर तुमच्या पत्रकात किती खेळ करतो ते पाहा. ६ ऐवजी साडेसहा टक्के धरला, तर ठेवींवर ६० लाख वाढतात, कर्जांवर १५ लाख कमी होतात. निव्वळ फरक ४५ लाख. तुमचा ३० लाखांचा तोटा १५ लाखांचा नफा होतो. आणि शाखेत तसूभरही काही बदललेलं नसतं. तेच सात जण, तीच रांग.

ज्या शाखेत ठेवी जास्त आणि कर्जं कमी, तिचं नशीब व्याजदरांवर फार हेलकावे खातं. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अमेरिका आणि युरोपात व्याजदर शून्याजवळ आले. २०१४ ते २०२२ या काळात युरोपीय मध्यवर्ती बँकेचा, इतर बँकांनी तिच्याकडे ठेवलेल्या ठेवींवरचा दर तर चक्क उणे होता. बाजारात पैसा जवळपास फुकट मिळत असताना ठेवी गोळा करणारी शाखा कुणाला हवी असणार? कागदावर तिची कमाई आटली. मग मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने दर शून्याजवळून उचलायला सुरुवात केली आणि जुलै २०२३ पर्यंत ते सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेले. बचत खात्यांवरचं व्याज त्या वेगाने वाढलं नाही. त्याच शाखा, तेच खातेदार, आणि ठेवींची किंमत एकदम चढली. त्यामुळे दर खाली असताना एका वर्षाचं पत्रक बघून शाखेचा निकाल लावू नये. तुमच्या शाखेची निदान पाच वर्षांची पत्रकं शेजारी शेजारी ठेवून वाचा.

दुसरा घटक मुख्य कार्यालयाच्या खर्चातला तुमचा वाटा, दीड कोटी. संगणक प्रणाली, जाहिराती, लेखापरीक्षण, वरिष्ठांचे पगार, सगळं त्यात आलं. पत्रकाच्या तळटिपेत लिहिलंय की वाटप खात्यांच्या संख्येनुसार केलं आहे. तुमची शाखा जुनी, तिच्यात लहान लहान खाती हजारोंनी. बरीचशी निपचित पडून असलेली. प्रत्येक खात्यामागे तुम्ही मोठ्या कर्जदारांच्या शाखेइतकाच भार उचलता. हा हिशेब ठेवींच्या रकमेवर किंवा उत्पन्नावर केला असता तर आकडा वेगळा आला असता. कोणती पद्धत न्याय्य यावर वाद घालता येईल, पण शाखा बंद केल्याने ते दीड कोटी वाचणार नाहीत, यावर वाद नाही. संगणक प्रणाली तशीच चालू राहील, जाहिरातीही. तो भार उरलेल्या शाखांवर जाईल, आणि काठावर असलेली एखादी शाखा पुढच्या वर्षी त्या पडद्यावर दिसेल. मग तिचीही पाळी.

मुख्य कार्यालयाचीही बाजू आहे. प्रत्येक शाखेने फक्त स्वतःचा खर्च भागवला आणि वरच्या खर्चाला कुणीच हातभार लावला नाही, तर बँक बुडेल. खर्च वाटायलाच हवा. फक्त एखादी शाखा ठेवायची की बंद करायची हा निर्णय त्या वाटपावर घेऊ नये. त्यासाठी वेगळी ओळ बघावी लागते, आणि ती तुमच्या पत्रकात नाही. आपण काढू.

ठेवींवर सुटलेले दीड कोटी. कर्जांवर १० टक्क्यांनी आलेले ३ कोटी, त्यातून मुख्य कार्यालयाचे १ कोटी ८० लाख आणि बुडीत कर्जांसाठीच्या तरतुदीचे ३० लाख वजा, उरले ९० लाख. लॉकरभाडं, कमिशन वगैरे २० लाख. एकूण २ कोटी ६० लाख. शाखेचा थेट खर्च : पगार ९० लाख, जागेचं भाडं, वीज, पहारा, रोकड वाहतूक मिळून ५० लाख. एकूण १ कोटी ४० लाख. म्हणजे वरचा वाटा सोडला तर तुमची शाखा बँकेला वर्षाला १ कोटी २० लाख मिळवून देते. ‘माझं काय चुकतंय’ असं तुम्ही विचारलंत. याबाबतीत काहीच नाही.

आता विलीनीकरणाचा हिशेब. शाखा बंद केली की जागेचे, पहाऱ्याचे, रोकडीचे मिळून ५० लाख नक्की वाचतील. पगाराचे ९० लाख वाचतील का? सात जण शेजारच्या शाखेत गेले, तर पगार तिकडे लागेल. तिथल्या रिकाम्या जागा त्यांनी भरल्या तरच ती बचत म्हणायची. बचत फक्त ५० लाख धरली, तर २ कोटी ६० लाखांच्या उत्पन्नातला साधारण पाचवा हिस्सा निघून गेला की बँक तोट्यात. अगदी सगळे १ कोटी ४० लाख वाचले असं मानलं, तरी निम्म्याहून थोडा अधिक व्यवसाय गेला की तीच गत. तेव्हा सगळा प्रश्न एकाच गोष्टीवर येऊन ठेपतो : शाखा हलली तर किती खातेदार बँक सोडून जातील? बैठकीत हा आकडा कुणी मांडला होता का? नसेल मांडला तर तो तुम्ही मांडा. सर्वांत मोठे शंभर ठेवीदार काढा. कोण किती वर्षांपासून आहे, कोण महिन्यातून किती वेळा शाखेत येतं, कुणाचा व्यवहार ॲपवर आहे, शेजारची शाखा कुणाला लांब पडेल, हे नावानिशी लिहा. दुसऱ्या बँकेची शाखा जवळ असेल तर तेही लिहा, कारण माणसं तिकडेच जाणार.

कर्जाच्या बाजूनेही शाखा जाण्याची किंमत मोजावी लागते. होआय-लू न्युएन या अर्थतज्ज्ञ महिलेने अमेरिकेत बँकांच्या विलीनीकरणानंतर बंद झालेल्या शाखांचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शाखा गेल्यावर त्या भागातल्या छोट्या व्यवसायांना मिळणारी कर्जं घटली आणि सहा वर्षांपर्यंत घटलेलीच राहिली. परिणाम शाखेपासून सुमारे सहा मैलांच्या आतच दिसला. कारण समजण्यासारखं आहे. पगारदाराचं गृहकर्ज कागदांवर ठरतं, ते कुठूनही देता येतं. छोट्या व्यावसायिकाचे कागद अपुरे असतात. त्याचा गल्ला कसा चालतो, मालक शब्दाचा पक्का आहे का, मागच्या मंदीत त्याने हप्ता कसा भरला, ही माहिती शाखेतल्या माणसाजवळ असते आणि त्याची बदली झाली की तिच्यातली बरीचशी हरवते.

तुमच्या रांगेबद्दल मात्र मला थोडं कठोर बोलावं लागेल. गर्दी म्हणजे धंदा, हा समज सोडा. पासबुक छापणं, रोकड भरणं, सही जुळवणं यातून बँकेला जवळपास काही मिळत नाही. खर्च मात्र होतो, आणि तुमच्या सातही जणांचा दिवस त्यात जातो. कमाई खात्यात पडून असलेल्या शिलकीवर होते, आणि ती शिल्लक ज्यांची आहे ते बहुतेक लोक रांगेत दिसतच नाहीत.

लंडनच्या उत्तरेला एनफिल्डमध्ये जून १९६७ मध्ये बार्कलेज बँकेने पैसे देणारं यंत्र बसवलं, तेव्हा कॅशियर संपले असं अनेकांना वाटलं असेल. पण अर्थतज्ज्ञ जेम्स बेसन यांनी अमेरिकेची आकडेवारी मांडून दाखवलं की १९८८ ते २००४ या काळात शहरातल्या सरासरी शाखेतले कॅशियर सुमारे २० वरून १३ वर आले, आणि त्याच काळात शहरी शाखांची संख्या ४० टक्क्यांहून अधिक वाढली. शाखा चालवणं स्वस्त झालं, म्हणून बँकांनी जास्त शाखा काढल्या. उरलेल्या माणसांचं काम बदललं, ती ग्राहकांशी बोलू लागली. मोबाइलने मात्र उलटं केलं. त्याने शाखेत येण्याची गरजच कमी केली. अमेरिकेत शाखांची संख्या २००९ च्या सुमारास शिखरावर होती, तेव्हापासून ती घटत आली आहे. तरीही जेपी मॉर्गन चेसने फेब्रुवारी २०२४ मध्ये तीन वर्षांत ५०० हून अधिक नव्या शाखा काढायचं जाहीर केलं. उत्तम ॲप असलेली बँक शाखांवर पैसा लावते, ते ठेवी आणि छोटे व्यवसाय डोळ्यांसमोर ठेवूनच.

तुम्ही आठवडाभर एक नोंद ठेवा : कोणत्या तासाला कोणत्या कामासाठी किती माणसं आली. दुपारच्या रांगेतले बरेच जण अशा कामासाठी आलेले असतील, जे यंत्रावर होतं. तिथे एक माणूस उभा करा, जो हाताला धरून शिकवेल. ज्यांना जमत नाही, ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना वाचता येत नाही, त्यांना कधीही हुसकू नका. काउंटर मुळात त्यांच्यासाठीच आहे. दोन कर्मचारी जरी रांगेच्या कामातून मोकळे झाले, तरी तुमच्या हाती कर्जाच्या कामाला माणूस येईल.

कर्जांबाबत साहेबांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. १२० कोटींच्या ठेवींवर ३० कोटींची कर्जं म्हणजे शाखेने एक बाजू दुर्लक्षित ठेवली आहे. पण तीन महिन्यांत कर्जं वाढवायला निघालात तर दुसऱ्या बँकांनी नाकारलेले अर्जदार आधी येतील. कर्ज दिलं त्या महिन्यात पत्रक सुंदर दिसतं, थकबाकी नंतर उगवते. बहुधा तुमच्यानंतर येणाऱ्या व्यवस्थापकाच्या काळात. त्याऐवजी चालू खात्यांतले व्यवहार बघा. ज्या व्यावसायिकाच्या खात्यात दोन-तीन वर्षं नियमित उलाढाल आहे आणि ज्याने तुमच्याकडून कधी कर्ज घेतलेलं नाही, तो दुसरीकडे व्याज भरत असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच्या दुकानात जाऊन बसा. याला वेळ लागतो, आणि साहेबांना तो मागायला संकोचू नका. आणखी एक गोष्ट तपासा : तुमच्या खातेदारांनी ॲपवरून घेतलेली कर्जं कुणाच्या नावावर नोंदली जातात? मुख्य कार्यालयातल्या डिजिटल विभागाच्या नावावर जात असतील, तर ओळख तुमची, खाते तुमचं, कमाई त्यांची आणि तोटा तुमचा, असं झालं.

विम्याबाबत मी ठाम आहे. ज्याला गरज आहे त्याला जरूर द्या, टार्गेटसाठी कुणाच्या गळ्यात मारू नका. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेत एकेका ग्राहकाला जास्तीत जास्त खाती विकण्याचा दबाव शाखांवर होता. सप्टेंबर २०१६ मध्ये उघड झालं की ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली गेली होती. बँकेला तेव्हा १८.५ कोटी डॉलर दंड झाला. त्याआधीच्या काही वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आलं होतं, त्यात खालच्या फळीतले पुष्कळ होते. टार्गेट वरून येतं, पण फॉर्मवर सही शाखेतल्या माणसाची असते. निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत ठेवायला आलेल्या माणसाला लांब मुदतीचा विमा विकून तुमचा ३० लाखांचा खड्डा भरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्याला ते कळेल त्या दिवशी तो ठेव घेऊन जाईल, आणि सोबत नातेवाइकांनाही नेईल.

आणि तुमची खरी संपत्ती तेच लोक आहेत. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर निघून गेले. तिथे रकमा मोठ्या होत्या, बहुतेक ठेवी ठेव-विम्याच्या (बँक बुडाली तर ठेवीदाराला परत मिळणाऱ्या रकमेच्या) मर्यादेबाहेरच्या होत्या आणि ठेवीदार एकमेकांना ओळखणारे होते. हजारो लहान खात्यांत विखुरलेला पैसा असा एका दिवसात पळत नाही. या स्थैर्याची किंमत तुमच्या पत्रकात कुठेच दिसत नाही, पण बँकेला ती अडचणीच्या दिवशी फार कळते.

हे सगळं वाचून शाखा टिकलीच पाहिजे असं समजू नका. थेट खर्च वजा जाता काहीच उरत नसेल, ठेवी दोन-चार मोठ्या खातेदारांच्या असतील, आपलीच दुसरी शाखा चालत जाण्याच्या अंतरावर असेल आणि लोकही तिथे जायला तयार असतील, तर शाखा बंद करणंच योग्य. शंभर ठेवीदारांची यादी केल्यावर तुम्हाला असं दिसलं, तर तेही प्रामाणिकपणे लिहा.

मग साहेबांना एक पानाचं टिपण द्या, तेही बैठकीआधी आणि एकट्याने भेटून. वर ती वाट्याआधीची ओळ, १ कोटी २० लाख. खाली ट्रान्सफर प्राइसचा परिणाम, दोन्ही दरांनी. त्याखाली विलीनीकरणात खरंच किती वाचतं आणि किती व्यवसाय गेल्यावर ते तोट्याचं ठरतं. शेवटी तुमची योजना : रांग कशी कमी करणार, कोणत्या व्यावसायिकांकडे जाणार, वर्षभरात कर्जं कुठवर नेणार. ‘तुमचा आकडा चुकीचा आहे’ असं म्हणू नका. साहेबांनाही तो वरूनच आलेला असतो, आणि त्यांनाही वर उत्तर द्यायचं असतं. त्यांना वर दाखवता येईल असं काहीतरी त्यांच्या हातात द्या. जागेचा भाडेकरार कधी संपतो तेही त्यात लिहा, कारण शाखा हलवायचा किंवा लहान जागेत नेण्याचा निर्णय बहुधा त्या तारखेच्या आसपास होतो. निम्मी जागा रिकामी असेल तर लहान जागा हा तिसरा पर्याय तुम्हीच सुचवा.

बदली आत्ता मागू नका. तुमच्याजवळ दीड वर्षाची ओळख आहे, नव्या माणसाला ती मिळवायला तेवढाच वेळ लागेल, आणि शाखेला तेवढा वेळ मिळणार नाही. टिपण दिल्यावरही विमा गळ्यात मारण्याचा दबाव तसाच राहिला, तर मात्र जरूर मागा, आणि अर्जात कारण स्पष्ट लिहा. तोवर तुमच्या सहा सहकाऱ्यांना बसवून हे पत्रक समजावून सांगा. त्यांनीही तो आकडा ऐकला असणार, आणि त्यांनाही आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत असणार.